घरचे गडी, परकी जर्सी : कोरियातल्या वर्ल्ड्सच्या आधी

(एपिसोडचा लेखी मजकूर. रेकॉर्डिंग सोमवार, ९ ऑक्टोबर २०२३, भंडारा)

काल चेन्नईची मॅच पाहून झोप झाली ना नीट? २ धावांवर ३ गडी बाद आणि तिथून विराट-राहुलनं ऑस्ट्रेलियाच्या तोंडातून सामना काढला. आमच्या गल्लीत तर तिसरी विकेट पडल्यावर दोन घरचे टीव्ही बंद झाले होते, नंतर गुपचूप चालू झाले.

पण आज मी क्रिकेटवर नाही बोलणार. उद्यापासून, म्हणजे १० ऑक्टोबरपासून, दक्षिण कोरियात लीग ऑफ लेजेंड्सची जागतिक स्पर्धा सुरू होते. सगळे तिला नुसतं ‘वर्ल्ड्स’ म्हणतात, मीपण तेच म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, आम्ही मोबाइलवर बीजीएमआय खेळणारे पोट्टे, आम्ही तो पीसीवरचा गेम काहून पाहावा? खेळायला पीसी लागतो, बघायला नाही लागत. यूट्यूबवर फुकट दिसते. आणि गेम समजायला सोपा आहे. पाच विरुद्ध पाच. समोरच्याच्या तळात घुसून त्याचा मुख्य गाभा फोडायचा, बस्स. वरची वाट, मधली वाट, खालची वाट, आणि या वाटांच्या मधे जंगल. वरच्या वाटेवर एक, मधे एक, खाली दोघं, आणि पाचवा जंगलात फिरतो. जंगल म्हटलं की आपल्याला कोका आठवतं, पण इथे पट्टेवाला वाघ म्हणजे समोरच्या संघाचा जंगलवाला. तो कधी कुठून बाहेर येईल याचा नेम नसतो. एवढं समजलं तरी मॅच पाहता येते.

बरं, मुद्द्यावर येतो. पुढच्या महिन्यात भाऊबीज झाली की आपल्याकडे मंडई सुरू होईल. गावोगाव कबड्डीचे सामने असतात. तुम्ही पाहिलं असेल, एखाद्या गावाचा चांगला चढाई करणारा पोरगा दुसऱ्याच गावाकडून उतरतो. पैसे मिळतात, जेवण मिळतं, मान मिळतो. मग सामना नेमका त्याच्या स्वतःच्या गावाशी पडतो, आणि काठावर बसलेल्या त्याच्या काकाला कळत नाही की टाळी वाजवावी का नाही. यंदाची वर्ल्ड्स मला अगदी अशीच दिसते. कोरियाला सगळ्यात मोठा धोका चीनचा आहे, पण त्या चिनी संघांच्या जर्सीत कोरियाचीच पोरं बसली आहेत.

थोडं मागे जातो. कोरियात ही स्पर्धा पहिल्यांदा नाही होत. २०१४ ला सोलमधे फायनल झाली, सॅमसंग व्हाइट जिंकली, घरचंच जेवण घरीच. मग २०१८. त्या वर्षी कोरियाचे तीन संघ होते. जेन.जी आदल्या वर्षीचा विजेता, तो गटातच बाहेर. अफ्रीका आणि केटी उपांत्यपूर्व फेरीत बाहेर. सेमीफायनल कोरियात आणि त्यात एकही कोरियन संघ नाही! इंचॉनच्या स्टेडियममधे कप उचलला चीनच्या इन्व्हिक्टस गेमिंगनं. त्या संघाचे दोन मोठे खेळाडू कोण? दशाय आणि रूकी, दोघेही कोरियन. केटीला ३-२ नं घरी पाठवलं ते याच संघानं.

पाच वर्षांनी स्पर्धा परत तिथेच आली आहे. म्हणून कोरियातल्या प्रेक्षकांच्या पोटात गोळा आहे.

आता यंदाचे चिनी संघ बघा. पहिलं नाव जेडीजी. वसंतातली चिनी लीग जिंकली, लंडनमधे मे महिन्यात एमएसआय जिंकली, उन्हाळ्यातली चिनी लीग जिंकली. आता वर्ल्ड्स जिंकली तर एका वर्षातलं सगळंच घरात. हे आजपर्यंत कुणालाच जमलं नाही. या संघाचा जंगलवाला कानावी कोरियन आणि खालच्या वाटेवरचा रूलर कोरियन. रूलरची गोष्ट तर ऐकाच. २०१७ ला बीजिंगमधे सॅमसंग गॅलक्सीनं फायनलमधे एसकेटीला ३-० हरवलं, तेव्हा सामनावीर होता हाच रूलर. समोर फेकर मंचावरच रडला होता. ती सॅमसंग टीमच पुढे जेन.जी झाली. म्हणजे रूलर जेन.जीच्या अंगणातला पोरगा. मागच्या वर्षापर्यंत तिथेच होता, यंदा चीनला गेला.

एलएनजीमधे टार्झन आणि स्काउट. स्काउटनं २०२१ ला चीनच्या ईडीजीकडून कप जिंकलेला आहे. आणि वेइबोच्या वरच्या वाटेवर कोण? तोच दशाय, २०१८ वाला. चौथा संघ बीएलजी, त्यात पाचही चिनी. पण लंडनमधे जेन.जीला ३-० आणि टी१ ला ३-१ हरवलं ते यांनीच. म्हणजे एमएसआयच्या फायनलला दोन्ही संघ चिनी होते, कोरियन प्रेक्षक नुसते बघत बसले.

काही लोक याला गद्दारी म्हणतात. कमेंटमधे लिहितात तसं. मला नाही पटत. आपल्या जिल्ह्यातली अर्धी हुशार पोरं नागपूर, पुणे, हैदराबादला आहेत, त्यांना कोण गद्दार म्हणतं? खेळाडूचं वय फार कमी असतं, जिथे भाव मिळतो तिथे तो जातो. पण घरच्या संघाला त्याची किंमत मोजावी लागते, हेही तितकंच खरं आहे.

आता घरचे चार संघ.

जेन.जी नंबर एकनं आलाय. कोरियाची लीग सलग तीनदा जिंकली, यंदाचे दोन्ही हंगाम यांचेच. ऑगस्टमधे डेजॉनला फायनलमधे टी१ चा ३-० फडशा पाडला. मधल्या वाटेवर चोवी. हा पोरगा म्हणजे धान कापताना एकही लोंबी मागे न सोडणारा गडी. समोरून येणारं छोटं सैन्य मारून सोनं गोळा करायचं असतं, त्यात याच्याकडून काही सुटतच नाही. सगळं आहे, पण वर्ल्ड्सचा कप नाही. आणि रूलर गेल्यावर त्याच्या जागी कुणाला घेतलं? पेझ. वय १७. कोण्या मोठ्या नावाला पैसे मोजून नाही आणला, स्वतःच्याच खालच्या संघातून वर काढला. पहिल्याच वर्षी दोन किताब. आपल्याकडे त्या वयात पोरगा बारावीचा फॉर्म भरत असतो. जेन.जी आणि जेडीजी समोरासमोर आले तर खालच्या वाटेवर पेझसमोर रूलर असेल, ज्याच्या खुर्चीत तो बसलाय तोच. मला या स्पर्धेतली सगळ्यात जास्त हीच मॅच पाहायची आहे.

टी१. झ्यूस, ओनर, फेकर, गुमायूसी, केरिया. मागच्या वर्षीचेच पाच जण. सॅन फ्रान्सिस्कोला फायनल २-३ नं हरले, यंदा कोरियातल्या दोन्ही फायनल हरले. हरायची सवय लागली की काय, अशी शंका येते. जुलैमधे फेकरचा हात दुखावला, तो बाहेर बसला, आणि त्याच्याशिवाय संघ ८ पैकी ७ सामने हरला. तेव्हा कालचीच परिस्थिती होती, २ वर ३. फेकर परत आला, ९ विजय ९ पराभवांनी कसाबसा पाचवा आलेला संघ थेट फायनलला पोचला. फेकर आता २७ वर्षांचा. २०१३, २०१५, २०१६ असे तीन कप त्याच्याकडे आहेत, सगळे एसकेटीचे, म्हणजे याच क्लबचे. २०१३ पासून एकाच क्लबात. बाकी सगळे गाव सोडून गेले, हा गेला नाही.

केटीवर थोडक्यात बोलतो. उन्हाळ्याच्या लीगमधे १८ पैकी १७ सामने जिंकून पहिला, आणि प्लेऑफमधे टी१ कडून मात. शाळेत वर्षभर पहिला येणारा आणि बोर्डाच्या पेपरला घाम फुटणारा विद्यार्थी. तसा चांगला संघ आहे, पण भरवसा ठेवायला मन होत नाही.

चौथा डीप्लस किया, म्हणजे पूर्वीचा दामवॉन. २०२० ला शांघायमधे कप जिंकणारे शोमेकर आणि कॅन्यन अजून तिथेच आहेत. पण माझी नजर डेफ्टवर आहे. २०१३ पासून खेळतोय, आणि पहिला कप मिळाला मागच्या वर्षी, डीआरएक्सकडून. तो संघ प्ले-इनपासून चढत गेला आणि फायनलमधे फेकरच्या टी१ ला हरवलं. डेफ्ट आणि फेकर एकाच हायस्कूलचे, सोलच्या मापो हायस्कूलचे, हे माहीत होतं का तुम्हाला? यंदाचं वर्ल्ड्सचं गाणं न्यूजीन्सनं गायलं आहे, त्याच्या व्हिडिओत डेफ्टचीच ती मागची सफर आहे. २३ ऑक्टोबरला तो २७ चा होईल.

हे वय मी मुद्दाम सांगतोय. कोरियात तरुणांना सक्तीची लष्करी सेवा असते, दीड वर्ष तरी जातंच. गेमिंगमधे दीड वर्ष म्हणजे करिअरच संपलं समजा. यातून सुटायचा एक रस्ता म्हणजे एशियन गेम्सचं सुवर्ण. आणि ते १० दिवसांपूर्वी, २९ सप्टेंबरला, चीनच्या हांगझोऊमधे कोरियानं जिंकलं. सेमीत यजमान चीनला २-० आणि फायनलमधे तैवानला २-०. त्या संघात होते झ्यूस, फेकर, केरिया, चोवी, आणि हो, कानावी आणि रूलर. चीनच्या क्लबकडून खेळणाऱ्या दोघांनी चीनमधेच चीनला हरवून कोरियाला सुवर्ण दिलं, आणि आता त्याच चिनी क्लबची जर्सी घालून ते कोरियात उतरणार! मंडईतल्या काकाचं काय होत असेल, विचार करा. या सहाही जणांच्या डोक्यावरचं ओझं उतरलंय. डेफ्ट त्या संघात नव्हता. त्याची सेवा बाकीच आहे. त्याच्यासाठी प्रत्येक वर्ल्ड्स शेवटची असू शकते.

एशियन गेम्सवरून आठवलं. आपलाही लीग ऑफ लेजेंड्सचा संघ हांगझोऊला होता, अक्षज शेणॉय कर्णधार. मध्य आणि दक्षिण आशियाच्या गटातून वर राहिल्यामुळे थेट उपांत्यपूर्व फेरीत गेले, आणि व्हिएतनामकडून ०-२ हरले. त्यावर हसणारे मीम मी पाहिले. पण भारतात या गेमचा सर्व्हरच नाही, आपले खेळाडू सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळतात. बटण दाबलं की हुकूम समुद्रापार जाऊन परत यायचा. कोरियात गल्लोगल्ली पीसी बांग म्हणून गेमिंग कॅफे आहेत, शाळा सुटली की पोरं तिथेच. आपल्या बसस्टँडकडच्या नेट कॅफेत सातबारा निघतो आणि भरतीचे फॉर्म भरले जातात. मागच्या डिसेंबरात केंद्र सरकारनं ईस्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाखाली घेतलं, ते बरंच झालं. आता सर्व्हर द्या म्हणावं. ज्या व्हिएतनामनं आपल्याला हरवलं, त्याचे दोन संघ, जीएएम आणि टीम व्हेल्स, उद्यापासून प्ले-इनमधे आहेत. मी त्यांनाच टाळ्या वाजवणार. ते पुढे गेले तर आपला पराभवही जरा बरा दिसेल.

आता वेळापत्रक, लिहून घ्या. कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. १० ते १५ ऑक्टोबर प्ले-इन, त्यातून दोन संघ वर येतील. आधीचे १४ धरून झाले १६. मग १९ ते २९ ऑक्टोबर नवीन पद्धत, स्विस नाव आहे तिचं. गट नाहीत. जिंकलेल्याची गाठ जिंकलेल्याशी, हरलेल्याची हरलेल्याशी. तीन सामने जिंकले की पुढे, तीन हरले की घरी. आपल्या मंडईतल्या कबड्डीसारखं एक हरलं की गाडीत बसा असं नाही. यात धोका एवढाच की सुरुवातीचे सामने एका गेमचे असतात, आणि एका गेममधे कुणीही कुणालाही लोळवू शकतं. युरोपचा जी२ अशाच वेळी चावतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

२ ते ५ नोव्हेंबर उपांत्यपूर्व आणि ११, १२ ला उपांत्य, दोन्ही बुसानला. इथून पुढे पाच गेमची मॅच. चार तास सहज जातात, तेव्हा रोजचा दीड जीबी एचडीमधे उडवू नका, ४८० वर बघा. मोबाइलवर नकाशा बारीक दिसतो, पण चालतं. १२ तारखेला लक्ष्मीपूजन आहे. सामने दुपारचे आहेत, रांगोळीच्या वेळेत मोबाइल हातात दिसला तर घरचे काय म्हणतील ते तुमचं तुम्ही पाहा.

फायनल १९ नोव्हेंबर, सोलचं गोचॉक स्काय डोम, आपल्याकडे दुपारी दीडला. आणि त्याच दिवशी दोन वाजता अहमदाबादला क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल. अर्ध्या तासाचं अंतर, बाप्पा! भारत फायनलला गेला तर घरचा टीव्ही आपल्याला मिळणार नाही, ते विसरा. एका कानात इअरफोन.

माझा अंदाज विचाराल तर जेडीजी आणि जेन.जी फायनल, आणि पाचव्या गेमपर्यंत गेली तर जेडीजी. हे डोक्यानं सांगितलं. मनानं मी टी१ सोबत आहे, पण बीएलजीचं गणित त्यांना अजून सुटलेलं दिसत नाही, आणि बुसानला पुन्हा तेच समोर आले तर अवघड आहे. कोरियाचे किमान दोन संघ सेमीत असतील, २०१८ सारखी नामुष्की यंदा होत नाही, यावर मी एक प्लेट तर्री-पोहे लावायला तयार आहे. तुमचे चार सेमीफायनलवाले कोण, ते १९ तारखेच्या आत कमेंटमधे टाका. नंतर एडिट केलेलं धरणार नाही, वेळ दिसते तिथे. स्विसचा पहिला ड्रॉ निघाला की पुढचा भाग टाकतो.