अंडं घेणारं गिऱ्हाईक कोण?

आज कोंबडीविषयी बोलायचं आहे, पण तिच्या रोगाविषयी नव्हे.

सन २०१९ चा ऑगस्ट आठवा. वाळवा तालुक्यात इस्लामपूरला कडकनाथ कोंबडीचं प्रकरण बाहेर आलं. सांगली, सातारा, कोल्हापूर भागातल्या कितीतरी जणांनी कर्ज काढून त्यात पैसे घातले होते. योजना अशी, की ७५ हजार रुपये भरायचे, कंपनी २०० पिल्लं, खाद्य, औषध देणार आणि अंडी-पक्षी तीच चढ्या भावानं परत घेणार.

कडकनाथ ही काही खोटी जात नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची ती अस्सल काळी कोंबडी. तिच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. खोट होती ती हिशेबात.

अशा योजनेत आपलं अंडं शेवटी खातो कोण, हे बघावं. बाजारात त्या भावाला गिऱ्हाईक नसतं. मग अंडं उबवून पिल्लू काढायचं, ते पुढच्या शेतकऱ्याच्या गळ्यात घालायचं आणि त्याच्या पैशातून आधीच्याचं बिल भागवायचं. नवा माणूस येतोय तोवर गाडं चालतं. पहिल्या दोघा-चौघांना पैसे वेळेवर मिळतात. तेच गावभर सांगत सुटतात, आणि बिचारे खरंच सांगत असतात! मग एक दिवस खाद्याची गाडी येत नाही. पक्षी मात्र रोज खायला मागतात.

तमिळनाडूत पेरुंदुराईला २०१२ मध्ये ईमू पक्ष्याच्या नावानं असंच झालं होतं. सात वर्षांनी तीच गोष्ट आपल्या दारात आली.

तेव्हा उद्या कुणी ससे, कोरफड, आणखी काही घेऊन आला, तर आधी त्या मालाचा नमुना घेऊन स्वतः कराड किंवा सांगलीच्या बाजारात जा. कंपनीशी संबंध नसलेल्या व्यापाऱ्याला विचारा, "दादा, हे किती दरानं घ्याल?" त्यानं मान हलवली, तर आलेल्या पाहुण्याला चहा पाजून वाटेला लावा. पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनाही विचारावं. करार इंग्रजीत असेल तर वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा नाही आणि सहीही नाही.

ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी लाजून घरात बसू नये. करार, पावत्या, पासबुक जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या. रक्कम मोठी असेल तर जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेची चौकशी करा. आणि "बुडालेले पैसे सोडवून देतो, आधी फी भरा," म्हणत कुणी दारात आला, तर त्याला एक पैसाही देऊ नका.