तेराव्यानंतरची चिकित्सा



खानदेशात विनोबांबद्दल बोलायचं म्हणजे घरच्या माणसाबद्दल बोलणं आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, २१ फेब्रुवारी ते १९ जून, रविवारमागून रविवार ते गीतेवर बोलले आणि आपल्या अमळनेरच्या साने गुरुजींनी ते टिपून घेतलं. 'गीता प्रवचने' आपल्या हाती आली ती अशी. माझी श्रद्धाही तिथलीच. आज जे बोलणार आहे, ते त्या श्रद्धेतूनच.

१५ नोव्हेंबर १९८२, ऐन दिवाळी. अन्न, पाणी, औषध सोडून विनोबांनी पवनारच्या आश्रमात देह ठेवला. पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. अशा वेळी आपल्याकडे ठरलेलं वाक्य येतं: गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. सुतकापुरतं ते मला मान्य आहे. घरात रडारड चालू असताना दारात उभं राहून हिशेब काढणाऱ्याला मी सत्यवादी म्हणणार नाही. तो निर्दयपणा झाला. रावण पडल्यावर रामाने बिभीषणाला सांगितलं, वैर मरणाबरोबर संपलं, आता त्याचे संस्कार कर. हा दाखला सगळे देतात. पण सीतेला पळवलं ते योग्यच होतं, असं काही राम म्हणाला नाही.

साध्या माणसाचं बरंवाईट बहुधा त्याच्याबरोबर जातं. धर्मपुरुषाचं तसं होत नाही. त्याच्या पश्चात त्याचा शब्द आज्ञा होतो, आणि ती आज्ञा कोणीतरी दुसरा वापरत असतो. म्हणून तेरावं झालं की बोलायला सुरुवात करावी, असं माझं मत आहे. पन्नास वर्षं थांबू नये.

आणीबाणीचंच पाहा. विनोबांचं वर्षभराचं मौन चालू होतं. त्या मौनात त्यांनी आणीबाणीसाठी 'अनुशासन पर्व' असे शब्द सुचवले आणि सरकारने ते देशभर भिंतींवर रंगवले. त्याच दिवसांत आपल्याकडची माणसं नाशिकरोडच्या तुरुंगात होती. २५ डिसेंबर १९७५ ला मौन सुटल्यावर विनोबांनी उलगडा केला, की शासन सत्तेचं असतं आणि अनुशासन आचार्यांचं. भिंती मात्र तशाच राहिल्या. पुढे १९७६ मध्ये त्यांच्याच आश्रमाच्या 'मैत्री' मासिकाच्या प्रती पोलिसांनी जप्त केल्या. या दोन्ही गोष्टी एका दमात सांगायला हव्यात. आणीबाणीत तुरुंगात गेलेले १९८२ साली हयात होते, पवनारचे साक्षीदारही हयात होते. तेव्हा समोरासमोर बसून विचारता आलं असतं. आज विचारायचं कोणाला?

पण मला जास्त डाचतं ते भूदान. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी भूमिहीनांसाठी १०० एकर दिले, आणि त्यानंतर विनोबा १३ वर्षं जमीन मागत पायी हिंडले. अपेक्षा ५ कोटी एकरांची होती, मिळाले ४० लाखांहून अधिक. कायद्याचा बडगा न उगारता एवढी जमीन जगात कुठे कोणी मागून आणली? पण त्यातली बरीच खडकाळ, बरीच वादातली, आणि पुष्कळशी वाटलीच गेली नाही.

दानपत्र म्हणजे एक कागद: गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, खाली दात्याची सही नाहीतर अंगठा. भावनेने तो पवित्र आहे. जमीन मात्र हलते ती फेरफाराने. तलाठ्याकडे नोंद झाली नाही तर सातबाऱ्यावर दात्याचंच नाव राहतं. दाता वारला की वारस लागतात, वारसांनी व्यवहार केला की तिथे तिसराच नांगर धरतो, आणि भूमिहीनाच्या पेटीत तो कागद पडून राहतो. विदर्भात भूदानाच्या जमिनींचे असे वाद महसूल कचेऱ्यांत अजून चालू आहेत. संताबद्दल आता काय बोलायचं, म्हणून आपण गप्प बसलो, त्याची किंमत त्या कागदवाल्याने मोजली. दरवर्षाच्या मौनाने एकेक साक्षीदार कमी होत गेला.

शहाद्याकडे, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच धुळे जिल्ह्यात, हे लवकर उमगलं. १९७२ च्या सुमारास भिल्लांनी हातच्या गेलेल्या जमिनी परत मागितल्या. पुढे अंबरसिंग महाराज होते, भजनं म्हणणारा माणूस, आणि सोबत सर्वोदयाचे कार्यकर्ते. जमीनदाराचं हृदय पालटेल म्हणून ते थांबले नाहीत. नोंदी काढल्या, कायद्याचा आधार घेतला, संघटना बांधली. विनोबांच्या हयातीत विनोबांच्याच माणसांनी कामातून केलेली ही टीका आहे, आणि तिच्याइतका आदर मला कुठल्या पुण्यतिथीच्या भाषणात दिसलेला नाही.

आपलं माणूस गेल्यावर खुद्द विनोबांनी काय केलं? ३० जानेवारी १९४८ ला गांधीजी गेले. मार्चच्या मध्यावर, म्हणजे सहा आठवड्यांत, सेवाग्रामला नेहरू, मौलाना आझाद, जयप्रकाश, कृपलानी, विनोबा एकत्र बसले. जखम ओली होती, तरी गांधींच्या पश्चात त्यांच्या कामाचं आणि संस्थांचं काय, यावर उघड चर्चा झाली. गांधींच्या नावाने कडक बांधणीची संघटना नको, असा आग्रह तिथे विनोबांनीच धरला. त्यातून सैलसर असा सर्वोदय समाज उभा राहिला.