पुस्तक मिटल्यावर काय उरते?



परीक्षा जवळ आली की घरोघरी एकच दृश्य दिसते. दहावीतील विद्यार्थी तोच धडा चौथ्यांदा वाचत असतो, ओळींखाली रंगीत रेघा ओढत असतो, आणि ‘हे सारे येते’ हा विश्वास त्याच्या मनात दृढ होत जातो. प्रत्यक्ष परीक्षेत मात्र तोच धडा धूसर होतो. पालक त्याचे खापर मुलाच्या बुद्धीवर नाहीतर मोबाइलवर फोडतात. दोष बहुधा पद्धतीचा असतो. ओळखीचे वाटणे निराळे आणि आठवणे निराळे.

हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. विसरलेली यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्याने मोजले. वीस मिनिटांनंतर निम्म्याहून अधिक श्रम वाचत. एका दिवसानंतर केवळ एकतृतीयांश. महिन्यानंतर सुमारे एकपंचमांश. विस्मरणाचा पहिला घाला असा पहिल्याच दिवशी पडतो. म्हणूनच पहिली उजळणी त्याच संध्याकाळी हवी.

पण उजळणी म्हणजे पुनर्वाचन नव्हे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत बोलका आहे. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत अशी, की आपल्या लक्षात अधिक राहील हा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता!

आपल्याकडील वेदपाठशाळांची रीत या संदर्भात पाहण्याजोगी आहे. गुरू संथा देतात, शिष्य ती म्हणतो. कान, वाणी आणि स्मरण तिन्ही कामाला लागतात. पुढे पदपाठ, क्रमपाठ, जटा आणि घन. जटेत पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे अशी पदे येतात. घनात तिसरे पद गुंफून हीच ये-जा होते. त्यामुळे सवयीने जीभ पुढे धावून भागत नाही. प्रत्येक पद जाणीवपूर्वक आठवावे लागते. २००३ साली युनेस्कोने या पठणपरंपरेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात गौरव केला. आधुनिक मानसशास्त्र सारे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते, असा दावा येथे करण्याचे कारण नाही. एक स्वरही ढळू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. शिवाय अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला यास्काचार्यांनी निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाचीच उपमा दिली आहे. नुसत्या घोकंपट्टीचे समर्थन त्या परंपरेतूनही मिळत नाही.

मग घरी काय करावे? पावकी, निमकी म्हणवून घेणाऱ्या आजोबांनी जे केले, तेच थोडे आखून करावे. शाळेत शिकलेला धडा संध्याकाळी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवून लिहावा. नंतरच पुस्तक उघडून चुका पाहाव्यात. पुन्हा तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. आईने जेवताना चार प्रश्न विचारावेत आणि मूल अडले तर लगेच उत्तर सांगू नये. त्या अडखळण्यातच निम्मे काम होते. धाकट्या भावंडाला धडा समजावून सांगायला लावले तर अधिकच उत्तम. गणितात एकाच प्रकारची वीस उदाहरणे सलग सोडवण्याऐवजी निरनिराळे प्रकार मिसळावेत. प्रारंभी मुलाच्या चुका वाढलेल्या दिसतील. तेवढ्यावरून पालकांनी धीर सोडू नये.

आणि झोप. जेंकिन्स व डॅलनबाख यांनी १९२४ सालीच दाखवले होते, की पाठांतरानंतर जागे राहिल्यापेक्षा झोप घेतल्यास विस्मरण कमी होते. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत चहा करून देणाऱ्या मातांनी दहा वाजता दिवा मालवावा.