डोंगर, कुटुंब आणि कॅमेरा

वसईच्या एव्हरशाईन सिटींतील एखाद्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहिलें, कीं तुंगारेश्वराची डोंगररांग दृष्टीस पडते. सकाळीं सूर्य तिच्या मागून वर येतो. त्यामुळें त्या वेळच्या छायाचित्रांत डोंगर काळ्या पडद्यासारखा उमटतो. दुपार उलटल्यावर मात्र पश्चिमेच्या उन्हांत त्याच्या घळी आणि झाडी स्पष्ट होतात. उलटपक्षीं, सकाळीं वर पोंचलेल्या माणसाच्या पाठीशीं सूर्य असतो आणि समोरचें वसईचें मैदान उजळून निघतें. चांगलें चित्र हवें, तर पहांटे उठून पाय उचलणें आलें.

पण हे पाय सर्वांचे सारखे नसतात. वेल्समधील स्नोडन शिखराची उंची ३,५६० फूट. परंतु पेन-इ-पास येथून चढूं लागणारें कुटुंब आरंभींच सुमारें १,१८० फुटांवर उभें असतें. तुंगारेश्वर २,००० फुटांहून किंचित् अधिक असला, तरी त्याचा पायथा जवळजवळ समुद्रसपाटीस आहे. तेव्हां नुसत्या आंकड्यावरून डोंगरास लहान लेखूं नये. आठ वर्षांचें मूल व साठीची आजी बरोबर असतां चालीचें माप त्यांच्याच पावलांनीं घ्यावें. महादेवाच्या देवळापर्यंत जाऊन परतणें यांतहि कमीपणा नाहीं.

कॅमेऱ्याचा मोह येथेंच आडवा येतो. पूर्वीं फिल्मच्या एका रिळांत बहुधा ३६ चित्रें निघत. म्हणून कळ दाबण्यापूर्वीं माणूस विचार करी. आज दूरध्वनीच्या यंत्रांतून शेंकडों चित्रें निघतात, आणि 'आणखी एक' म्हणतां म्हणतां पाऊल निसरड्या दगडावर पडतें. याच परिसरांतील चिंचोटीच्या धबधब्यानें आजवर अनेक तरुणांचे बळी घेतले आहेत. वर कोसळलेला पाऊस खालीं उभ्या असलेल्यास दिसत नाहीं. ओढा मात्र पाहतां पाहतां फुगतो. म्हणून पावसाळ्यांत बंदीहुकूम असतां तिकडे फिरकूं नये. एरवींहि चालतांना यंत्र पिशवींत ठेवावें. थांबून, पाय रोवून मगच तें बाहेर काढावें. २००३ सालापासून हें रान अभयारण्य आहे. तेव्हां पक्ष्याच्या चित्रासाठीं त्याचें घरटें हालवणें हा अपराधच होय.

आणखी एक गोष्ट. बहुतेक घरांच्या चित्रसंग्रहांत चित्र काढणारा कोठेंच नसतो, आणि डबे बांधणारी आई कडेला अर्धीमुर्धी उभी असते. एका वळणावर यंत्र मुलाच्या हातीं द्यावें. त्याचें चित्र कदाचित् वांकडें येईल. पण त्यांत आईबाप दोघेहि असतील.

संध्याकाळीं घरीं परतल्यावर गच्चीवर जावें. उन्हानें उजळलेल्या डोंगराकडे बोट दाखवून धाकटें मूल म्हणेल, "सकाळीं आपण तिथें होतों!" घरचीं सारीं माणसें तें ऐकावयास सुखरूप हजर असलीं, म्हणजे सहल साधली.