हिरड्यांतून रक्त येते तेव्हा



आज आम्ही तुमच्याशी हिरड्यांविषयी बोलणार आहोत. दात किडला की माणूस रात्रभर कण्हतो. साऱ्या घराला ते कळते. हिरडीचे तसे नाही. ती गुपचूप सुजते. सकाळी चूळ भरताना थोडे रक्त दिसते. माणूस म्हणतो, "उष्णता झाली असंल," आणि कामाला लागतो.

एका गावी आमची अशीच सभा झाली. सभा संपल्यावर एक मावशी मागे थांबल्या. म्हणाल्या, "दादा, भाकरी चावली की रगत येतं. म्हणून त्या बाजूला मी हातच लावत न्हाई. नुसती मशेरी लावते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं." आम्ही त्यांचे तोंड पाहिले. दातांच्या मुळाशी काळपट थर चढला होता. दोन दात हलत होते. मावशींचे वय चाळिशीच्या आतले.

रक्त येते म्हणून ती जागा घासायची नाही, इथेच आपण चुकतो. दातांच्या मुळाशी डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढतात. त्यांचा चिकट थर बसतो. त्याने हिरडी सुजते, आणि जरा धक्का लागला की तिच्यातून रक्त येते. ती जागा तशीच सोडली तर थर वाढतो आणि दगडासारखा कडक होतो. त्याला कीटण म्हणतात. पुढे हिरडी दाताला सोडते. आतले हाड झिजते. मग चांगला, न किडलेला दातसुद्धा हलू लागतो.

म्हणून दुखऱ्या जागी हलक्या हाताने, पण रोज दोन वेळा घासा. मऊ ब्रश घ्या. नसेल तर कडुनिंबाची किंवा बाभळीची ताजी काडी घ्या. टोक चावून चांगला कुंचा करा. पहिले काही दिवस रक्त येईल. भिऊ नका. नीट घासत राहिलात तर एक-दोन आठवड्यांत ते कमी होते. कोळसा, विटेची भुकटी, राख मात्र नको. त्याने दात आणि हिरडी दोन्ही खरवडतात.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाका. दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या करा. सूज उतरायला मदत होते. पण गुळण्यांनी कीटण निघत नाही. ते दातांच्या डॉक्टरकडूनच काढावे लागते. "कीटण काढलं की दात ढिले होतात" असे लोक म्हणतात. ते खरे नाही. दात आधीच ढिले झालेले असतात. कीटण निघाल्यावर ते कळते, इतकेच.

आता मशेरी. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती औषध नव्हे. तिची सवय लागते, हिरड्या खराब होतात आणि तोंडाचा कर्करोगही होतो.

खाण्याचेही आहेच. हिरडी धड राहायला 'क' जीवनसत्त्व लागते. ते अजिबात मिळाले नाही तर काय होते? वास्को द गामा १४९८ च्या ऑक्टोबरात गोव्याच्या दक्षिणेच्या अंजदीव बेटावरून परत निघाला. आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. ताजे फळ नाही, भाजी नाही. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या. त्यांना खाता येईना. त्या वाटेत तीस माणसे मेली. पुढे १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या इंग्रज आरमारातल्या डॉक्टरने अशाच बारा रोग्यांना दोघादोघांत वाटून निरनिराळे उपाय दिले. ज्या दोघांना संत्री आणि लिंबे मिळाली ते सर्वांत लवकर सुधारले.

आपल्याकडे इतकी वेळ क्वचितच येते. पण भाकरी आणि कोरड्यास यांवरच दिवस काढणाऱ्या घरात फळ-पाला कमी पडतो. त्यासाठी बाजारातली महाग फळे नकोत. एका पेरूत दिवसाची गरज भागते. आवळा तर त्याहून सरस. मटकीला मोड आणले की त्यात हे जीवनसत्त्व तयार होते. पालेभाजी फार वेळ शिजवू नका. लिंबू आमटी उतरवल्यावर पिळा. मात्र लिंबू दातांवर चोळू नका, दाताचे कवच झिजते.

गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात. मधुमेह असला तरी तसेच होते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवा. हिरडीतून पू आला, दात हलला, गालाला सूज येऊन ताप आला, तर घरगुती उपायांवर थांबू नका. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा उठला, किंवा फोड दोन आठवड्यांत भरला नाही, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. दुखत नसले तरी गाठा.

त्या मावशींनी जाताना विचारले, "मशेरी येकदम कशी सुटंल?" आम्ही सांगितले, सुटायला अवघड आहे. पहिले काही दिवस डोके दुखेल, चीड येईल. तलफ आली की बडीशेप चघळा, पाणी प्या. घरातला मशेरीचा डबा आधी बाहेर काढा. सासूबाई लावत असतील तर दोघींनी मिळून सोडा.

आता तुमच्यापैकी कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा. बायांनी आधी विचारावे.