बालरुग्णांची नोंदवही

शाळेतल्या जनरल रजिस्टरचे महत्त्व शिक्षकांना वेगळे सांगायला नको. जन्मतारीख त्यात एकदा चुकली की ती चूक मुलाला जन्मभर पुरते. आज मी अशाच एका रजिस्टरविषयी बोलणार आहे. ते मात्र मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे आहे.

काही बाळांच्या मेंदूत पाणी साठते आणि डोके वाढू लागते. डॉक्टर याला हायड्रोसेफॅलस म्हणतात. त्यावर पुष्कळदा एक बारीक नळी मेंदूपासून कातडीखालून पोटापर्यंत नेतात. हिचे नाव शंट. जादा पाणी पोटात उतरते आणि तेथे जिरते. उपाय चांगला, पण नळी कधी तुंबते, कधी तिला जंतुसंसर्ग होतो. मग पुन्हा शस्त्रक्रिया आलीच.

हा संसर्ग कमी कसा करावा? तुम्ही म्हणाल, डॉक्टरांना अनुभवाने कळत असेलच की! पण गोम येथेच आहे. समजा, एका डॉक्टरने ५० शंट बसवले. शेकडा ९ या प्रमाणात संसर्ग झाला, तर त्याला चार-पाच मुले दिसतील. काही सुधारणा करून प्रमाण शेकडा ६ वर आले, तर तीन दिसतील. हा गुण सुधारणेचा की योगायोगाचा, हे एकट्याने कसे ओळखावे? त्यासाठी अनेक रुग्णालयांच्या नोंदी एकत्र याव्या लागतात.

उत्तर अमेरिकेतील काही बालरुग्णालयांनी २००६ साली असा संघ उभारला. पुढे त्यांतील चार रुग्णालयांनी शस्त्रक्रियेची एकच रीत ठरवली आणि प्रत्येक पायरी पाळली की नाही, ते लिहून ठेवले. १००४ मुलांच्या १५७१ शस्त्रक्रियांचा हिशेब २०११ साली प्रसिद्ध झाला. संसर्गाचे प्रमाण शेकडा ८.८ वरून ५.७ वर आले होते. म्हणजे हजार शस्त्रक्रियांमागे ३१ संसर्ग कमी! आणखी एक गोष्ट दिसली. चमूतील कोणी रीतसर हात घासून धुण्याऐवजी नुसते जंतुनाशक मलम चोळले असेल, तेथे संसर्गाचा धोका अधिक होता. हात कसे धुतले, याचा रकाना वहीत होता, म्हणून हे समजले.

अशी वही आज संगणकात असते. पण संगणक काही जादू करीत नाही. ‘संसर्ग’ कशाला म्हणायचे, हे सर्वांनी आधी ठरवावे लागते. नाहीतर एकाचा शेर आणि दुसऱ्याचा किलो अशी बेरीज होते. ‘नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘विचारलेच नाही’ ही तीन वेगळी उत्तरे आहेत. रकाना कोरा सोडला की ती एक होऊन जातात. मुलाच्या नावाऐवजी क्रमांक घालतात आणि नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवतात. आईबापांची संमती तर हवीच.

सर्वांत अवघड काम पुढेच आहे. जे मूल तपासणीला परत आले नाही, त्याचे काय झाले? ते बरे असेल, दुसऱ्या दवाखान्यात गेले असेल, किंवा दगावलेही असेल. फक्त परत आलेल्यांवरून निष्कर्ष काढला, तर तो खोटा ठरायचा. आपल्याकडे ऊसतोडीला कुटुंब निघाले की मूलही निघते आणि नोंद तेथेच तुटते. हा धागा डॉक्टरांपेक्षा गावालाच अधिक ठाऊक असतो.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे. शस्त्रक्रियेचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्थलांतरातही जवळ बाळगा. पत्ता किंवा फोन बदलला, तर रुग्णालयाला कळवा. शंट असलेल्या मुलाला वारंवार उलट्या, डोकेदुखी, ताप किंवा गुंगी आली, तर वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा.

आणि गुरुजी, बाई, २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची नावे बाजूला लिहून ठेवा आणि पथकाला द्या. हजर मुले तर पथकाला दिसतातच.