पाणथळीवर हक्क कोणाचा?



श्रावणात दोन तास संततधार लागली की बेहालातील सखल गल्ल्या पाण्याखाली जातात, हे येथील रहिवाशांना सांगावयास नको. कालवे गाळाने भरले, पंप वेळेवर चालले नाहीत, महापालिका झोपली होती, अशी कारणे दरवर्षी दिली जातात व ती खोटीही नसतात. तथापि मूळ कारण फार जुने आहे. हुगळीच्या पूर्वेकडील हा सारा मुलूख त्रिभुज प्रदेशातील सखल भूमी होय. भातखाचरे, तळी आणि लव्हाळ्यांनी भरलेल्या दलदली हेच त्याचे मूळ रूप. 1984 साली बेहाला कोलकाता महापालिकेत समाविष्ट झाले. पाण्याला मात्र आपली जुनी जागा अद्याप आठवते.

या पाण्यावर पूर्वी कोणाचा वावर होता, हे पाहणे उद्बोधक आहे. कोळी होते, शिंगाडे काढणारे होते, जाळ्याने पक्षी धरणारे होते. आणि हिवाळा लागला की बंदूकधारी शिकारी येत. कोलकात्याच्या साहेबलोकांना पाणलाव्याच्या शिकारीचे विलक्षण वेड होते. हा लहानसा पक्षी चिखलातून अकस्मात उठतो व नागमोडी उडतो. त्यावर नेम धरणे ही कौशल्याची परीक्षा मानली जाई. (आज युद्धाच्या बातम्यांत येणारा ‘स्नायपर’ हा शब्द याच पक्ष्याच्या इंग्रजी नावावरून आला आहे.) मारलेली व धरलेली बदके कोलकात्याच्या बाजारात विकली जात. इंडियन म्यूझियममध्ये उपअधीक्षक असलेले फ्रँक फिन हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या बाजारातील बदकांचा अभ्यास करीत असत, आणि 1901 साली त्यांनी भारतीय बदके ओळखण्यासाठी एक छोटे पुस्तकही प्रसिद्ध केले. गुलाबी डोक्याचे बदक त्या काळी अधूनमधून याच बाजारात येई. रानातील त्याची शेवटची खात्रीची नोंद 1935 साली दरभंग्याकडे झाली असे मानतात, आणि तीही शिकाऱ्याच्या बंदुकीनेच. ज्ञान आणि संहार यांची अशी गाठ त्या काळी पडलेली होती.

स्वतंत्र भारताने हा प्रश्न कायद्याने सोडविला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लहान शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती, आणि पक्षी-प्राणी धरणाऱ्यांसाठीही निराळा परवाना होता. 1991 च्या दुरुस्तीने दोन्ही रद्द झाले. हौसेने येणारा बंदूकवाला आणि पोटासाठी जाळे लावणारा, या दोघांसाठीही दार एकदमच बंद झाले. पक्ष्यांच्या दृष्टीने हे आवश्यक होते, याविषयी दुमत असू नये. परंतु पाणथळीवर रोज नजर ठेवणारी, ती बुजविली तर ज्यांचे नुकसान होईल अशी माणसेही त्याबरोबर तेथून गेली. त्यांची जागा कोणी घ्यावयाची, हे कायद्याने सांगितले नाही.

अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. तेथे 1934 पासून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावे लागते. पहिल्या तिकिटाची किंमत एक डॉलर होती, आज ती पंचवीस डॉलर आहे. या पैशातून सरकार पाणथळी विकत घेते किंवा भाड्याने राखते. त्यामुळे तेथील शिकारी सार्वजनिक जमिनीवरील प्रवेश हा आपला हक्क समजतो, आणि ती जमीन खाजगी हाती जाऊ लागली की उठून उभा राहतो. 2025 च्या जूनमध्ये सार्वजनिक जमिनी विकण्याचा प्रस्ताव तेथील सिनेटमध्ये मागे घ्यावा लागला, तेव्हा विरोधकांत निसर्गप्रेमींच्या बरोबरीने शिकारीही होते. ही व्यवस्था भारतात आणावी असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. 12 नोव्हेंबर 1938 रोजी भरतपूर येथे व्हाइसरॉय लिन्‌लिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. ती परंपरा पुन्हा सुरू व्हावी असे कोणीही म्हणणार नाही.

तथापि भरतपूरची पुढील कथाही ऐकण्यासारखी आहे. तेथील केवलादेव घना हे 1980 च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1982 च्या नोव्हेंबरात आसपासच्या गावकऱ्यांच्या म्हशींना आत चरण्यास बंदी करण्यात आली. संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांना अनेक वर्षांच्या अभ्यासात असे आढळले की, म्हशी नाहीशा झाल्यावर पाणगवत बेसुमार वाढले, उघडे पाणी आक्रसले आणि बदकांनाच जागा उरली नाही. ज्यांना उपद्रवी म्हणून बाहेर काढले, त्यांची जनावरे तळ्याची मशागत करीत होती! याच सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्यासाठी पक्षी धरावयाचे, ते बिहारमधील मीरशिकारांच्या हातून. पिढीजात पारध्यांची ती विद्या विद्यापीठात मिळत नव्हती.

आता कोलकात्याकडे वळू. शहराच्या पूर्वेस सुमारे 12,500 हेक्टरांचा पाणथळ प्रदेश आहे. शहराचे सांडपाणी तेथील उथळ तळ्यांत, म्हणजे भेड्यांत, सोडले जाते. ऊन आणि शेवाळ ते शुद्ध करतात व त्यावर मासे वाढतात. या प्रदेशाचा उत्तरेकडील भाग 1962 पासून हुगळीतील गाळ टाकून बुजविण्यात आला. तेथे आज सॉल्ट लेक नगर उभे आहे. उरलेलाही गेला असता. ध्रुवज्योती घोष यांनी त्याचे महत्त्व जगापुढे मांडले, 1992 साली कोलकाता उच्च न्यायालयाने तेथील बांधकामाला आळा घातला, 2002 मध्ये रामसर यादीत त्याचा समावेश झाला आणि 2006 मध्ये स्वतंत्र कायदा आला. परंतु न्यायालयात दाखविण्याजोगे काही उरले होते, ते मासेमारांनी रोज पाणी खेळते ठेवले म्हणून. अर्थात मासेमार हा काही पक्ष्यांचा भक्त नव्हे. माशांवर टपलेल्या पाणकावळ्यांना तो हाकलतो, तळ्यावर दोऱ्या ताणतो. बदके तेथे पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी दिसतात. पाणी वाचले, पक्षी पुरते वाचले नाहीत, हे कबूल केले पाहिजे.

हुगळीपलीकडे सांत्रागाछी येथे रेल्वेच्या जमिनीवरील झिलीत अडई बदकांचे थवे हिवाळ्यात उतरतात. जलपर्णी सगळी काढली तर त्यांना बसावयास जागा राहत नाही, आणि मुळीच काढली नाही तर पाणी दिसेनासे होते. म्हणून दर हंगामापूर्वी ती कापून तिची बेटे राखावी लागतात. हे काम कोणीतरी पाण्यात उतरून करावे लागते.

बेहालात एवढी मोठी झील नाही, परंतु पुकुर आहेत. पश्चिम बंगालच्या 1984 च्या अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार पाच कठ्ठे किंवा त्याहून मोठे तळे बुजविता येत नाही. हे संरक्षण पक्ष्यांच्या कायद्याने दिलेले नाही, माशांच्या कायद्याने दिले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या पुकुराच्या घाटावर सकाळी कपडे धुतले जातात, मुले गळ टाकून बसतात, तेथे रात्री विटामातीचा एक ढीग पडला तरी सकाळी आरडाओरड होते. ज्याच्या घाटावर भिंत उठली आणि दाराला कुलूप लागले, तेथे कडेपासून मध्यापर्यंत भर पडते, आणि शेजाऱ्यांना ते पुढच्या पावसाळ्यात, पाणी त्यांच्या उंबऱ्यावर आल्यावर कळते.